गिऱ्हाईक उठून जातं तेव्हा आणि उठवलं जातं तेव्हा

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी ज्येष्ठ नागरिक मंडळात तुम्हाला ‘कॅन्सल कल्चर म्हणजे खुल्या बाजाराचाच न्याय आहे का?’ या विषयावर बोलायचं आहे. फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून सगळं लिहून पाठवते. टाचण काढायला बरं पडेल.

कॅन्सल करणं म्हणजे एखाद्याचं बोलणं-वागणं पटलं नाही म्हणून लोकांनी मिळून त्याचा धंदा, त्याचे कार्यक्रम, त्याची नोकरी बंद पाडणं. बाजाराची बाजू घेणारे म्हणतात, यात नवीन ते काय? इतवारीतल्या दुकानदाराने मापात मारलं की माणूस शेजारच्या दुकानात जातो. पोलीस नाहीत, सरकार नाही, कुणाची परवानगी नाही. हा मुद्दा मंडळात कुणीतरी काढणारच, आणि तो हलका नाही. आधी तो मोकळेपणाने मान्य करा, कारण काही ठिकाणी घडतं ते अगदी असंच.

अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये बड लाइट या बिअरने एका ट्रान्सजेंडर इन्फ्लुएन्सरबरोबर छोटीशी जाहिरात केली. चिडलेल्या गिऱ्हाइकांनी ती बिअर सोडली. काही आठवड्यांत खप साधारण चौथ्या हिश्शाने पडला, आणि वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर असलेली ही बिअर त्याच उन्हाळ्यात मोडेलो या दुसऱ्या बिअरच्या मागे गेली. राग अनेक कंपन्यांवर निघतो आणि लवकरच निवतो. इथे तो टिकला, कारण त्याच फ्रीजमध्ये, जवळजवळ त्याच भावात, तशाच चवीची दुसरी बाटली हाताला लागत होती. याच्या उलट फेसबुकचं झालं. जुलै २०२० मध्ये हजाराहून जास्त जाहिरातदारांनी महिनाभर जाहिराती थांबवल्या, तरी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कंपनीचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्क्यांनी वाढलं. लाखो छोट्या व्यावसायिकांना जाहिरात द्यायला दुसरी तशी जागाच नव्हती. बहिष्काराला यश येतं ते पर्याय किती सोपा आहे त्यावर. आरडाओरडा किती झाला त्यावर नाही.

इथवर बाजारच आहे. माल आवडला नाही, विक्रेता आवडला नाही, आपले पैसे आपण दुसरीकडे नेले. कारण चुकीचं असेल, हलकंही असेल, पण पैसे ज्याचे त्याचे. या भागाला माझा आक्षेप नाही.

आता जिथे हे गणित बिघडतं तिथे येऊ. मंडळात हाच भाग सावकाश सांगा.

गोकुळपेठेत तर्रीपोह्याचं एक छोटं दुकान आहे असं धरा. गूगलवर ४० लोकांनी मतं दिलीत, सरासरी ४.६. म्हणजे एकूण गुण १८४. दुकानदाराच्या मुलाने कुठेतरी काहीतरी लिहिलं, ते व्हायरल झालं, आणि पुण्या-दिल्लीतून ६० जणांनी रात्रीतून एकेक तारा दिला. पोहे यातल्या एकानेही खाल्लेले नाहीत. गुण झाले १८४ अधिक ६०, म्हणजे २४४. मतं १००. सरासरी २.४४. हेच ६० तारे ४०० मतं असलेल्या मोठ्या हॉटेलवर पडले असते तर सरासरी ४.६ वरून ४.१३ वर आली असती, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आणि छोट्या दुकानाला नुसतं ४.० पर्यंत यायला किती पंचतारांकित मतं लागतील? १५६. आधीची ४० गोळा व्हायलाच ज्याला वर्षं लागली, त्याने ही कुठून आणायची?

गूगलच्या नियमानुसार मत प्रत्यक्ष अनुभवावरच द्यावं लागतं. दुकानदाराने एकेका मताशेजारच्या तीन टिंबांवर दाबून तक्रार करायची, ती फेटाळली गेली तर अपील करायचं. पण तोवर सकाळचं गिऱ्हाईक २.४४ पाहून पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून पहिल्याच रात्री सगळ्या मतांचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवायचे. चिडून उत्तरं द्यायची नाहीत, कारण ते उत्तरच दुसऱ्या दिवशी फिरायला लागतं.

बाजारात गिऱ्हाईक निघून जातं तेव्हा त्याचंही थोडं जातं. चांगले पोहे सुटतात, चार पावलं जास्त चालावं लागतं. त्या ६० जणांचं काहीच गेलं नाही. शिक्षा द्यायला छदाम लागत नसेल तर ती किती द्यावी याचा अंदाज कुणाला राहणार? भाव वस्तूची टंचाई सांगतो. फुकटचा राग कशाचंच माप सांगत नाही.

दुसरी गोष्ट, निर्णय पुष्कळदा गिऱ्हाईक घेतच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने आंतरधर्मीय कुटुंबातल्या डोहाळजेवणाची जाहिरात मागे घेतली. निवेदनात दुखावलेल्या भावनांबरोबर कर्मचारी, भागीदार आणि दुकानातल्या माणसांच्या हिताचा उल्लेख होता. दागिने खपतील की नाही यापेक्षा काउंटरवरच्या पोरापोरींना काही होईल का, ही काळजी त्यात दिसते. कंपनी दुकानावर दगड पडतील या भीतीने माघार घेत असेल, तर त्याला मागणी-पुरवठा म्हणता येणार नाही.

नोकरीवरून काढण्याचंही असंच. मोठ्या कंपनीत एका माणसाचं मोल ताळेबंदात दिसतसुद्धा नाही, आणि बातमीत नाव येण्याची भीती मात्र सगळ्यांना दिसते. म्हणून चौकशी न करता काढून टाकणं हा कंपनीला सगळ्यात स्वस्त मार्ग वाटतो. हा हिशेबच आहे, नाकारू नका. पण तो भ्यालेल्या मधल्या माणसाचा हिशेब आहे. गिऱ्हाइकाला कुणी विचारलेलंच नसतं. आणि मधली माणसं दोन-तीनच असली की पर्यायही संपतो. जानेवारी २०२१ मध्ये पार्लर हे सोशल मीडिया ॲप गूगल, ॲपल आणि ॲमेझॉन या तिघांनी दोन-तीन दिवसांत बंद केलं. कारणं गंभीर होती, अमेरिकेच्या संसदेवर नुकताच हल्ला झाला होता. तरी ‘दुसऱ्या दुकानात जा’ हे वाक्य तिथे लागू पडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे: वाळीत टाकणं. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली होती. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीनेही लिहून ठेवलं आहे की, अस्पृश्यांनी हक्क मागितला की त्यांच्या वाटा अडवल्या जात आणि गावचा वाणी त्यांना रोजच्या गरजेचा माल विकणं बंद करी. बाबा, इथे थांबून मंडळींना विचारा: वाण्याचा यात फायदा काय होता? मीठ-तेल विकलं असतं तर पैसे मिळाले असते. खुला बाजार असता तर एखादा लोभी वाणी पुढे आला असता आणि बहिष्कार दोन दिवसांत फुटला असता. तो फुटत नसे, कारण विकणाऱ्या वाण्यालाही वाळीत टाकलं जाई. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७६ मध्ये जातीचं गणित मांडताना हेच दाखवलं: नियम मोडणाऱ्याशी व्यवहार करणाराही बहिष्कृत होतो, म्हणून प्रत्येकाचा तोटा होऊनही नियम टिकतो. बाजार नेमका इथे मेलेला असतो.

म्हणून मी एकच गोष्ट तपासते. माणूस स्वतःचं गिऱ्हाईकपण सोडतोय, की दुसऱ्यांना ‘तू त्याच्याशी व्यवहार केलास तर तुझंही बघतो’ म्हणतोय? पहिलं बाजार. दुसरं वाळीत. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसबहिष्कार झाला. त्यात बसमधले सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते, आणि डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस ते पायी चालले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. शेवटचा निकाल कोर्टाने दिला, पण पायपीट त्यांची स्वतःची होती. आपल्याच नागपुरात डिसेंबर १९२० च्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं, तेव्हा वकिलांनी स्वतःची वकिली सोडायची होती.

एक अडचण मात्र लपवू नका. ‘बॉयकॉट’ हा शब्दच वाळीत टाकण्यातून आला आहे. १८८० मध्ये आयर्लंडमधल्या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याचे मजूर गेले, दुकानदारांनी त्याला माल देणं थांबवलं. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढायला बाहेरून माणसं आणावी लागली आणि त्यांच्या बंदोबस्तावर अंदाजे १०,००० पौंड गेले. तिथे दुबळ्या कुळांनी बलवानाला वाळीत टाकलं होतं, आणि माझी सहानुभूती कुळांकडे आहे. पण ते न्याय्य होतं म्हणून तो बाजार होता असं मी म्हणणार नाही. बाजार आणि न्याय हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि चर्चेत ते हमखास एकमेकांत मिसळतात.

कायद्याचं कुणी विचारलं तर सांगा: समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, तो जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मनाला आलं म्हणून दुकान बदलणाऱ्याला तो लागत नाही.

आई, तुझ्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर ‘या दुकानावर बहिष्कार टाका’ असे मेसेज येतात ना, पुढे पाठवण्याआधी तारीख बघ, आणि दुकान तेच आहे का ते बघ. एकाच नावाची दोन दुकानं असली की भलत्यालाच त्रास होतो.

बाबा, पोह्यांचं गणित फळ्यावर खडूने करून दाखवा. मंडळात निवृत्त बँकवाले बरेच आहेत, २४४ ला १०० ने भागल्यावर पुढचं तेच बोलतील. गुडघ्याला पट्टा लावूनच निघा.

तुमची,
मनू