वाडा पाडायच्या आधी दप्तर कोणाला तरी दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या धुळ्यात सध्या वाडे पाडायचा नुसता धडाका लागलाय. पाडू देत, भिंती फुगलेल्या, वाटण्या झालेल्या, कोणी पुण्यात कोणी नाशकात, राहणार कोण तिथे. पण बिल्डरला ताबा द्यायच्या आदल्या दिवशी माळ्यावरचं सगळं खाली येतं ना, तेव्हा सागवानी तुळयांना गिऱ्हाईक मिळतं, पितळी घागरींना मिळतं, आणि लाल फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे घरची दप्तरं, मात्र सरळ रद्दीवाल्याच्या काट्यावर जातात. मोडी लिपी वाचता येत नाही ना कोणाला, मग काय करायचं ठेवून, असं म्हणतात लोक.

आणि हे कुठे चाललंय तर धुळ्यात! इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला याच गावात गेले. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये काढण्यात तेच पुढे होते, पण नंतर तिथे बिनसलं आणि शेवटी इकडे आले. ते गेल्यावर लगेच १९२७ मध्ये धुळ्याच्या लोकांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं, त्यांची टाचणं, कागद, जमवलेलं सगळं सांभाळलं, 'संशोधक' नावाचं नियतकालिक काढलं. सरकारी आदेश नाही काही नाही, गावातल्या वकील मास्तर व्यापारी लोकांनी केलं. म्हणजे २०२६ च्या डिसेंबरात राजवाड्यांना जाऊन शंभर वर्षं आणि पाठोपाठ मंडळाचीही शंभरी. तेव्हा हार घालतील, भाषणं होतील, शाली वाटल्या जातील, ते होणारच. मला म्हणायचंय ते वेगळंच.

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड छापले, पहिला १८९८ चा, त्यात १७५० ते १७६१ ची म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. ती काही विलायतेहून आली नव्हती, वाईच्या एका वाड्यात पडून होती. तेव्हाही लोक कागद दाखवायला घाबरायचेच. कोणाला वाटायचं जमिनीची भानगड निघेल, कोणाला वाटायचं भाऊबंद भांडतील, हा माणूस नेईल आणि परत देणारच नाही. आजही तेच वाटतं आणि मी तर म्हणतो त्यात काही चूक नाही. आमच्याच नात्यात एका 'अभ्यासकांनी' आठ दिवसांसाठी म्हणून नेलेलं दप्तर परत आलेलंच नाही, चहा पिऊन गेले ते गेलेच.

म्हणून शताब्दीच्या वर्षात तालुक्या-तालुक्याला एकेक दप्तर दिवस ठेवा ना. शिरपूर, साक्री, शिंदखेडा, धुळे. लोकांनी कागद घेऊन यायचं, तिथेच स्कॅन करायचं, मूळ कागद संध्याकाळी ज्याचा त्याच्या हातात परत, सोबत पोचपावती आणि दोन ओळीत काय लिहिलंय त्याचा सारांश. ज्याला मंडळाला द्यायचे असतील तो देईल आपणहून, जबरदस्ती नको. मोडी वाचणारे कुठून आणायचे म्हणाल तर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची समिती बसली तेव्हा सगळ्या जिल्ह्यांत मोडीवाल्यांची शोधाशोध झाली होती, तोवर कोणी विचारत नव्हतं त्यांना! नंतर पोरंही शिकायला लागली, त्यांनाच बोलवा, हात बसेल त्यांचा.

नुसती मोडी येऊन भागत नाही हेही खरं. माझ्या काकांकडे एक लांब घडीचा कागद आहे, हाताने केलेला, जाडसर, अजून मजबूत. उघडला की बारीक चकचकीत वाळू हातावर सांडते, शाई टिपायला टाकलेली वाळू, एवढ्या वर्षांनी! तारीख मात्र 'छ' करून अरबी महिन्याची आणि वर्ष शुहूर सनाचं, म्हणजे जुन्या कागदांतल्या एका कालगणनेचं, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे तेव्हा इसवी सन लागतो, कधी कोणता आकडा ते महिना बघून. शेवटी मोर्तबाचा, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का. हे सगळं जाणत्या माणसाशेजारी बसल्याशिवाय येत नाही, आणि अशी माणसं मंडळासारख्या ठिकाणीच भेटतात, यूट्यूबवर थोडंफार कळतं पण तेवढंच.

बरं, कागद म्हणजे फक्त इनामदार देशमुखांचे असंही नको. खरं तर बाकीच्यांच्या कागदांचीच मला जास्त घाई वाटते, कारण सनदा निदान कोणीतरी जपतं. न्यू प्रताप मिलच्या कामगारांचे पास, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनची पत्रकं कोणाच्या ट्रंकेत असतील. १९४४ ला चिमठाण्याजवळ इंग्रजांचा खजिना लुटला, त्या वेळी ज्या घरांनी लोकांना लपवलं जेवू घातलं त्यांच्या घरात आजीने सांगितलेलं असेलच काहीतरी, ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायला किती वेळ लागतो? बाबासाहेब आंबेडकर लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले होते, दरवर्षी ३१ जुलैला तिथे लोक जमतात, त्या गर्दीत कितीतरी जणांच्या घरी जुने फोटो निघतील. पावरा, भिल्ल वस्त्यांत तर कागदच नाही, गाणी आणि सांगणं आहे, तेही दप्तरच समजा.

आणि तोवर एक हात जोडून विनंती, जुने कागद लॅमिनेट करू नका हो. सेलोटेप पण नको, ती पिवळी पडून कागदच खाते. जुनी काजळाची शाई पाणी लागलं की पसरते, म्हणून ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका. सुती कापडात बांधा, कोरड्या जागी ठेवा, वेखंड टाका, कसर आणि वाळवी अधूनमधून बघत जा. फोटोच्या मागे नावं लिहायची तर शिसपेन्सिलने, हलक्या हाताने, आणि आजी-आजोबा आहेत तोवरच लिहून घ्या, नंतर 'डावीकडून तिसरे कोण' हे कोणीच सांगू शकत नाही.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. रविवारच्या खान्देशच्या पानावर वाचकांनी पाठवलेला एक जुना फोटो छापत जा, धुळ्याचा, नंदुरबारचा, कुठलाही, खाली ओळखा म्हणून. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक चौकोन कमी केलात तरी जागा होईल.

आपला,
एक जुना वाचक, धुळे