गोल काळा करून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाने प्राध्यापकांकडून एक फॉर्म भरून घेतला. ‘ऑनलाइन अध्यापनाच्या प्लॅटफॉर्मबाबत आपण समाधानी आहात काय?’ खाली पाच गोल, अतिसमाधानीपासून अतिअसमाधानीपर्यंत. मी मधला गोल काळा केला आणि घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहिली. म्हणून हे पत्र.

मी २६ वर्षं संख्याशास्त्र शिकवते. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा आम्हाला कोणी काही विचारलं नाही, आणि ती विचारत बसण्याची वेळही नव्हती. झूमची फुकटातली मीटिंग ४० मिनिटांनी तुटायची, आमचा तास ४८ मिनिटांचा. शेवटची आठ मिनिटं म्हणजे मुलांनी शंका विचारायची वेळ, नेमकी तीच जायची. नवी लिंक पाठवली की निम्मी मुलं परत यायची, उरलेली जेवायला बसलेली असायची.

प्रमाणित विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) शिकवताना दरवर्षी एक चूक ठरलेली असते. सरासरीपासूनचे फरक काढायचे, त्यांचे वर्ग करायचे, मग बेरीज. काही जण वर्ग करायला विसरतात आणि बेरीज शून्य येते (ती शून्यच यायला हवी, त्यातच तर गंमत आहे). वर्गात मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो, ‘मॅडम, माझं शून्य येतंय.’ तेवढ्या एका वाक्यावर माझा पुढचा अर्धा तास निघतो. ऑनलाइन तासात हे वाक्य मला एकदाही ऐकू आलं नाही. क्विझमध्ये मात्र ६४ जणांची उत्तरं दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर, आणि तिसऱ्या स्थळी सगळ्यांचा एकच चुकीचा आकडा. प्लॅटफॉर्मने दाखवलं: शंभर टक्के यश.

पण अतिअसमाधानीचा गोलही मी काळा करू शकले नाही. दोन वर्षांत वर्गात तोंड न उघडलेली एक मुलगी तेव्हा रात्री पावणेअकराला मेसेज करायची. रोमन लिपीत मराठी, ‘मॅम, एक शंका आहे’, आणि शंका अगदी नेमकी. तिचं गाव भोर तालुक्यात, वरंध घाटाकडे. घरात रेंज जेमतेम, मेसेज जाण्यापुरती. थेट तासाला ती कधीच टिकली नाही. शेवटी मी वहीतल्या पानांचे फोटो आणि सहा-सहा मिनिटांचे ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागले. रेंज मिळेल तिथे ती ते उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन ऐकायची. चकचकीत व्हिडिओपेक्षा हे जास्त पोचलं. माझ्या ऑडिओत कुकरच्या शिट्ट्याही आहेत, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरचे काही अभ्यासक्रम उत्तम आहेत. मी स्वतः त्यातून शिकले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये एका सत्रातल्या २० टक्के विषयांना तिथली श्रेयांकं (क्रेडिट) घ्यायची मुभा दिली होती, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर नेली. माझी हरकत मुभेला नाही. पण ते अभ्यासक्रम बहुतांश इंग्रजीत, आणि माझ्यासमोर बसणारी निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली. ऐकलेलं त्यांना समजावून द्यायला कुणीतरी लागतंच. ते आम्हीच करतो, तास संपल्यावर, स्टाफरूमच्या दारात. ही वेळ कुठल्याही वेळापत्रकात नाही.

माझ्यासारख्या कायम नोकरीवाल्यांचं भागून जातं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं काय? त्यांना पैसे घेतलेल्या तासाचे. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग करायला रविवारचा अख्खा दिवस घालवला. स्लाइड केल्या, रस्त्यावर बँडबाजा आला म्हणून दोनदा परत बोलला, मग कापाकापी. बिलात त्याची एक ओळही नाही. पुढच्या वर्षी तो असो-नसो, रेकॉर्डिंग मात्र महाविद्यालयाकडे राहणार.

आमचं महाविद्यालय पुन्हा फॉर्म काढणार असेल तर गोल कमी करावेत आणि हे विचारावं: रेकॉर्डिंगला किती वेळ गेला, तो कार्यभारात धरला का, तासिकावाल्याला त्याचे पैसे मिळाले का, आणि कुठला घटक ऑनलाइन घ्यायचा हे शिकवणाऱ्याने ठरवलं की परिपत्रकाने? माझ्यापुरतं सांगते: आलेख आणि संगणकाचं प्रात्यक्षिक मी आनंदाने ऑनलाइन घेईन. प्रमाणित विचलन मात्र फळ्यावरच.

— संख्याशास्त्राची एक प्राध्यापिका, कोथरूड, पुणे ३८