सोयाबीनच्या दाण्यात जीव आहे का?

ईस्ट लान्सिंग, मिशिगन
२० मे

ती. दादा आणि सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलंयस, तर पेरणीआधी ते जिवंत आहे का ते पाहून घे. हालचाल, वाढ, अन्न घेणं ही शाळेच्या पुस्तकातली सजीवांची लक्षणं कोरड्या दाण्यात दिसतच नाहीत. मेलेला दाणाही तसाच पिवळा, टणक. भिजवला तर तोही फुगतो, कारण पाणी शोषायला जीव लागत नाही. म्हणून फुगलेले दाणे मोजण्यात अर्थ नाही.

फरक पडतो तो पाणी आत शिरल्यावर. जिवंत दाण्यात पेशींचं श्वसन जोर धरतं, सुकताना विस्कटलेली पेशींची आवरणं पुन्हा सांधली जातात. मेलेल्यात ती फाटकीच राहतात, साखर बाहेर झिरपते आणि तिच्यावर बुरशी धरते.

प्रयोगशाळेत हेच श्वसन रंगाने दिसतं. भिजवलेले दाणे टेट्राझोलियम नावाच्या रसायनाच्या बिनरंगी द्रावणात काही तास उबेत, अंधारात ठेवतात. श्वसन चालू असलेल्या पेशी त्याचा लाल रंग करतात. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून जिथे बनला तिथेच राहतो. साल काढून पाहिलं की निरोगी भाग फिका लाल, मेलेला पांढरा. गडद लाल दिसला तर खूश होऊ नये, तो भाग खचत चाललेला असतो. मुळाचा बहुतेक भाग पांढरा असेल, तर बाकी दाणा कितीही लाल असो, धड रोप येत नाही.

जीव किती टिकेल हे जातीवर आणि साठवणीवर आहे. इथल्याच विद्यापीठाच्या आवारात वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये बाटल्यांत पुरलेल्या तणाच्या बियांपैकी काही २०२१ मध्ये उगवल्या. सोयाबीनचं तसं नाही. साल पातळ, अंकुर सालीलगत. मळणीयंत्राचा वेग जास्त झाला, पोती आपटली, ओल लागली, की जीव गेलाच.

घरी असं कर: सगळ्या पोत्यांतून थोडं थोडं काढून, न निवडता १०० दाणे घे. ओल्या गोणपाटावर १०-१० च्या रांगा मांड, वर दुसरं ओलं गोणपाट घाल, गुंडाळून सावलीत ठेव. रोज पाणी शिंपड, पण निथळू देऊ नकोस. पाणी साचलं तर चांगले दाणेही गुदमरतात. आठव्या दिवशी मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोज. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो पुरे. ६० आले तर ३५ किलो घे. त्याखाली असेल तर ते बियाणं वापरू नकोस, बाजारात घाल.

तुझी,
धाकटी