बाबांच्या कानातला तो पांढरा दाणा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांचा सीटी स्कॅन काल रात्री ड्यूटी संपल्यावर पाहिला. सकाळी आमच्या मॅडमनाही दाखवला, आणि मगच लिहायला बसले. फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र.

बाबा, हा कर्करोग दिसत नाही. 'गाठ' शब्द ऐकल्यापासून तुम्ही नीट जेवत नाही, हे ताईने सांगितलं तेव्हा मला रडू आलं.

दुर्बिणीतून डॉक्टरांना कातडीखाली काहीतरी टणक दिसलं, पण त्याच्या पलीकडचं काही दिसेना. म्हणून स्कॅन. सीटीत हाड पांढरंशुभ्र दिसतं, मांस राखाडी. तुमच्या उजव्या कानाच्या नळीत हरभऱ्याहून लहान असा एक पांढरा दाणा आहे, बारीक देठाने भिंतीला लागलेला. एकच, एकाच कानात, देठाचा. याला ऑस्टिओमा म्हणतात, म्हणजे हाडाचीच साधी वाढ. ती पुढे कर्करोगात बदलत नाही.

आई, विहिरीतल्या पोहण्याला बोल लावणं आता सोड. गार पाण्याने वाढणारं हाड वेगळं असतं. ते बहुधा दोन्ही कानांत, रुंद बुडाचं, एकापेक्षा जास्त ठिकाणी येतं आणि थंड समुद्रात वर्षानुवर्षं लाटांवर खेळणाऱ्यांत दिसतं. (बाबा, तुम्ही इतिहास शिकवलात म्हणून सांगते: इराकमधल्या शानिदार गुहेत सापडलेल्या एका निअँडरथल माणसाच्या कानांतही तसं हाड वाढलेलं होतं.)

मला खरी धास्ती दाण्याची नव्हती, त्याच्या मागे साचलेल्या राखाडी भागाची होती. तो मळ असू शकतो, किंवा कातडीचे थर साचून हाड खाणारा कोलेस्टिटोमा. सीटीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी एकेक चकती पुढेमागे करत भोवतीच्या हाडाच्या कडा पाहत राहिले. कुठेही कुरतडलेलं नाही. पडद्यामागची तिन्ही हाडं जागेवर आहेत. मळ काढल्यावरही शंका उरली तर डॉक्टर एमआरआय सांगतील; त्यात कोलेस्टिटोमा चमकून दिसतो. तसं सांगितलं तर घाबरू नका.

ऐकू कमी येतं ते त्या साचलेल्या मळामुळे असावं. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. पुन्हा पुन्हा साचला, कान वाहू लागला, तर दाणा शस्त्रक्रियेने काढतात आणि तपासायला पाठवतात. नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं.

आई, कोमट तेल घालू नकोस. बाबा, खिशातली ती किल्ली कानात घालू नका. तिथली कातडी फार पातळ असते, जखम झाली तर तुमच्या साखरेमुळे लवकर भरणार नाही.

शनिवारी रात्रीच्या गाडीने येते. तोवर फोन डाव्या कानाला लावा, मी सावकाश बोलेन.

तुमची,
धाकटी