‘मेटाबॉलिझम वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या जाहिराती छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

तुमच्या शहर पुरवणीत हल्ली वजन कमी करून देणाऱ्यांच्या जाहिराती सारख्या असतात, पेपर उलगडला की आतून पत्रकंही तीच पडतात आणि सगळीकडे वाक्य एकच, "तुमचा मेटाबॉलिझम स्लो झालाय, आम्ही तो फास्ट करून देतो." मेटाबॉलिझम म्हणजे शरीर कॅलरी जाळतं तो वेग. मी नेरूळला राहते, इथे सकाळी वॉकला येणाऱ्यांना हेच लोक रस्त्यात गाठतात, टेबलापाशी ते मशीन मांडलेलं असतं, फ्री बॉडी चेकअप म्हणून. पत्र थोडं लांबणार आहे पण प्लीज छापा, कारण यात घरोघरच्या बायकांचे पैसे आणि तब्येत दोन्ही जातायत.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या वहिनीची अशाच एका चेकअपची चिठ्ठी माझ्यासमोर आहे. वय ४४, वजन ७२ किलो, उंची १५५ सेंटीमीटर आणि खाली लाल पेनने गोल केलेलं 'मेटाबॉलिक एज ५८', म्हणजे मेटाबॉलिझमच्या हिशेबाने शरीराचं वय ५८. ते बघूनच ती घाबरली. आता हे मशीन करतं काय, तर अनवाणी उभं केलं की पायातून बारीकसा करंट सोडतं, त्यावरून अंगात पाणी किती, चरबी किती याचा अंदाज बांधतं आणि वय, उंची वगैरे घालून फॉर्म्युल्याने बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहायला दिवसाला लागणाऱ्या कॅलरी, काढतं. म्हणजे मेटाबॉलिझम तिथे कोणी मोजलेलाच नसतो. तो खरंच मोजायचा तर माणूस किती ऑक्सिजन घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते बघावं लागतं, आणि ते काही फुटपाथवर होत नाही.

आणि ५८ हा आकडा तर मुळातच निरर्थक आहे. २०२१ साली 'सायन्स' या जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, २९ देशांतली ६,४०० पेक्षा जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या आजी-आजोबांपर्यंत. त्यात दिसलं ते असं की शरीराचा आकार आणि चरबी-स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरलं तर विशीपासून साठीपर्यंत मेटाबॉलिझम जवळजवळ तसाच राहतो, साठीनंतर वर्षाला साधारण ०.७ टक्क्याने उतरतो. मग ४४ ची बाई ५८ ची कशी काय ठरते? उलट वजनदार माणसाचं शरीर बारीक माणसापेक्षा जास्तच कॅलरी जाळतं, कारण चालवायला शरीर मोठं असतं. आपण नुसतं पडून असतो तेव्हाही लिव्हर, मेंदू, हार्ट, किडन्या चालूच असतात आणि पडल्यापडल्या होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा त्यांचाच. त्यांना यांच्या कुठल्याही शेकने, म्हणजे जेवणाऐवजी घोळून प्यायच्या पावडरने, फास्ट करता येत नाही आणि करायचंही नसतं.

वहिनीला त्यांच्या वजन उतरवायच्या सेंटरमधून दिलेला प्लॅन असा होता, सकाळी शेक, रात्री शेक, दुपारी दोन फुलके आणि भाजी. मी हिशेब केला तर जेमतेम ९०० कॅलरी होत होत्या. तिच्या मापाच्या बाईला नुसतं झोपून राहायलाही साधारण १,३०० लागतात, घरचं काम, ऑफिस, ट्रेनची धावपळ धरली तर सतराशे-अठराशे. पहिल्या पंधरवड्यात वजन धपकन उतरलं, सेंटरच्या ग्रुपवर टाळ्या, हार्ट, फोटो सगळं झालं. पण सुरुवातीला उतरतं त्यात पाणी बरंच असतं, लिव्हर आणि स्नायूंमधला साखरेचा साठा संपतो आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं तेही जातं. मग काटा अडला. मग चक्कर, चिडचिड, थंडी वाजणं, आणि तिसऱ्या महिन्यात केस मुठीमुठीने हातात यायला लागले, तर सेंटरवाल्या बाई म्हणाल्या ताई तुमची बॉडी डिटॉक्स होतेय, हे अजून एक बूस्टरचं पाकीट घ्या. केस गळणं हे कमी खाण्याचं ओळखीचं लक्षण आहे, कुठल्याही स्किनच्या डॉक्टरला विचारा. हे लोक उपाशी ठेवतात आणि उपासमारीची लक्षणं दिसली की त्यावर आणखी माल विकतात, याची मला खरंच चीड आहे.

मेटाबॉलिझम खाली येतो तो असा, उपाशी राहिल्याने. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग झाला होता, त्यांचं वजन पाव हिश्शाने घटलं पण विश्रांतीतला कॅलरीखर्च जवळपास ४० टक्क्याने पडला. अलीकडे २०१६ मध्ये तिथल्याच टीव्हीवरच्या वजन उतरवायच्या स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले तर त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं, आणि बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलेलं. म्हणजे फास्ट करून देतो म्हणतात आणि करतात नेमकं उलट.

मग वजन कमी करायचं कसं, तर कॅलरीचा हिशेब खोटा नाहीये, तो खरा आहे आणि तोच चालतो, फक्त तो हळू चालतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. वहिनीने सतराशे-अठराशेच्या जागी चौदाशे खाल्ल्या तर महिन्याला सव्वा ते दीड किलो जाईल, पुढे पुढे थोडं कमी, कारण शरीर लहान झालं की खर्चही घटतो. जाहिरातीत 'महिन्यात दीड किलो' असं कोणी लिहीत नाही कारण त्याने गिऱ्हाईक येत नाही. पण खरा आकडा तोच.

आणि कॅलरी कुठून येतात ते आपल्याला दिसत नाही हीच मोठी अडचण आहे. काही खात नाही तरी वजन वाढतं असं सांगणाऱ्या लोकांचा १९९२ मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला, तर ते सांगत होते त्याच्या जवळपास दुप्पट त्यांचं खाणं होतं. खोटं बोलत नव्हते बिचारे, मोजताच येत नाही. आपल्याकडचं तेल घ्या. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागतं, म्हणजे माणशी एक लिटर. लिटरभर तेलात सुमारे ८,२०० कॅलरी, दिवसाला झाल्या २७० च्या आसपास, आणि तेवढ्या जाळायला ७० किलोच्या माणसाला पाचेक किलोमीटर चालावं लागतं. हेच चारचं अडीच लिटर केलं तर माणशी रोज शंभर कॅलरी कमी, ना शेक ना पाकीट. ऐरोली-महापेच्या ऑफिसात चार चहा होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर, नुसत्या साखरेच्याच दीडशेला टेकल्या. संध्याकाळी टीव्हीसमोर फरसाणाचा डबा उघडला की शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर. वडापाव खाऊ नका असं मी म्हणणार नाही, मीही खाते, पण तो जेवणाच्या हिशेबात धरावा, जेवणाच्या वर नाही.

प्रोटीनचं मात्र मला कळकळीने सांगायचंय कारण आपल्या बायका तिथे फार कमी पडतात, नाश्त्याला पोहे, उपासाला साबुदाणा, रात्री आमटी-भात आणि आमटीतली डाळ पोरांच्या ताटात. प्रोटीन पचवायलाच त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात, पोट भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. मटकीची उसळ, पिठलं, अंडी, दही, बांगडा, यातलं काही विकत घ्यायला सेंटरला जावं लागत नाही. त्याबरोबर थोडे डंबेल्स किंवा घरच्या घरी उठाबशा. त्याने मेटाबॉलिझम रॉकेटसारखा उडत नाही, एक किलो स्नायू बसल्याजागी दिवसाला १३ च्या आसपासच कॅलरी खातो, पण गुडघे आणि कंबर म्हातारपणी साथ देतात हे त्याहून मोठं आहे. थायरॉइडची शंका असेल तर फॅमिली डॉक्टरकडून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, पण थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन बहुतेकदा दोन ते पाच किलोच असतं आणि त्यात पाणीच जास्त, तेव्हा वीस किलो त्याच्या नावावर कोणी खपवत असेल तर ऐकू नका.

आता तुमच्याकडे मागणं. 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायदा १९५४ चा आहे, ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणून हे लोक औषध शब्द टाळून न्यूट्रिशन म्हणतात. कायद्यातून सुटत असतील पण तुमच्या जाहिरात विभागातून सुटू देऊ नका. इतक्या दिवसांत इतके किलो अशी हमी असलेली जाहिरात घेऊ नका आणि सल्ला देणाऱ्याची डिग्री काय ते छापायला लावा.

शिवाय जुलै २०२२ पासून दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, पण ठाण्या-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांचं रात्रीचं जेवण पोळीभाजी केंद्रातून येतं आणि त्यांना तो नियम लागूच नाही. तुमच्या वार्ताहरांनी नौपाडा, वाशी, नेरूळ अशा भागांतल्या केंद्रांतून साधं जेवण आणून ते वजन करून, तेल विचारून, कुणा शिकलेल्या आहारतज्ज्ञाकडून कॅलरी काढून दर आठवड्याला एक ताट छापावं. केंद्रचालक ताई सांगतील, त्यांना लपवण्यासारखं काही नसतं. पहिल्या ताटासाठी वजनकाटा घेऊन यायला मी तयार आहे.

आपली नियमित वाचक,
नेरूळ, नवी मुंबई