पोस्टरवाल्यांना नावे होती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जुन्या सिनेपोस्टरांवरचा लेख वाचला. छपाई उत्तम, रंग झकास उठलेत, त्याबद्दल अभिनंदन. पण 'अनामिक रंगाऱ्यांची दुनिया' या मथळ्यातले 'अनामिक' कोणाच्या सुपीक डोक्यातून आले, तेवढे कळवावे. बच्चनचे पोस्टर पानात बसवण्यासाठी तुम्ही खालचा कोपरा छाटलात, त्या कोपऱ्यात सही होती. दिवाकर करकरे यांची. 'दीवार', 'त्रिशूल'ची पोस्टरे करणारे, ब्रशऐवजी सुरीने जाड रंग थापून चेहऱ्यावर निळे-तांबडे फटकारे ओढणारे हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. लेखात त्यांचा 'कुणी एक कलावंत' झाला आहे.

चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, हे मात्र तुम्ही वेगळी चौकट आखून छापता. पुढे मोठा झाला तरच त्या काळातला रंगारी आठवायचा, असा काही नियम आहे काय?

आमच्या कोल्हापूरला तर दीड ओळ मिळाली. बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवत. टिकून राहिलेल्या जुन्यांत जुन्या पोस्टरांत 'कल्याण खजिना'चे (1924) नाव घेतले जाते. पुढे 'प्रभात' कंपनी काढणारे दामले-फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले. 'मुघल-ए-आझम'च्या वेळी मुंबईच्या मराठा मंदिर टॉकीजवर जे भव्य फलक लागले, त्यांच्याशी आमच्या जी. कांबळे यांचे नाव जोडलेले आहे. शिवाजी महाराजांचे शासनमान्य चित्रही त्यांचेच. लेखकाने ते सरकारी कचेरीत शेकडो वेळा पाहिले असेल. 'बरसात'ची प्रसिद्धी रंगवणारे एस. एम. पंडित गुलबर्ग्याचे. ही नावे शोधायला संशोधन लागत नाही, फोन लागतो.

रागाचे खरे कारण घरचे आहे. माझे थोरले बंधू इथल्या एका टॉकीजचे बॅनर रंगवत. कंपनीकडून आलेल्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या आखायच्या, खडूने चेहरा उतरवायचा. पोरे मागचा भाग भरत, डोळे आणि ओठ दादा स्वतः करत. नावे लिहायला वेगळा माणूस असे, आणि त्याचे दादांशी हमखास भांडण, कारण अक्षरे मोठी करून तो हिरोच्या छातीवर चढायचा. चित्रपट उतरला की बॅनर खाली येई, त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा सिनेमा. फारच जीर्ण कापड झाले की गुऱ्हाळवाले पावसाळ्यात छपरावर टाकायला नेत. त्यामुळे दादांच्या कामाचा पुरावा एकच, दर शुक्रवारी पहिल्या खेळाआधी फोटोवाल्याकडून पदरच्या पैशाने काढून घेतलेले कृष्णधवल फोटो. त्यांचा एक आल्बम होता.

फ्लेक्स आल्यावर दादांचे काम बंद झाले. पुढे काही वर्षांनी मुंबईचे एक गृहस्थ प्रदर्शन भरवतो म्हणून घरी आले, वहिनींच्या हातचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपून गेले आणि जाताना 'कॉपी काढून लगेच परत करतो' म्हणून आल्बमही घेऊन गेले. आल्बम आला नाही. दादांच्या पत्रांना उत्तर नाही. नंतर प्रदर्शनाचे गुळगुळीत कागदावर छापलेले पुस्तक कुणीतरी दाखवले. त्यात आमच्या टॉकीजच्या दारातला बॅनर पानभर, खाली ओळ: 'चित्रकार अज्ञात. खासगी संग्रह, मुंबई.' दादा बराच वेळ ते पान बघत राहिले आणि म्हणाले, 'फोटो उलटा छापलाय, तीळ दुसऱ्या गालावर गेलाय.' शिवी मी दिली, ते नाही.

दादा आता नाहीत. तेव्हा 'अनामिक' छापताना निदान इतकी चौकशी करा, की नाव नव्हतेच, की कुणी ते उतरवून घेतले नाही, की उतरवून घेतलेले कुणी नेले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोस्टरांचा साठा आहे. लेखकाने एक दिवस तिकडे घालवला असता तर लेखातल्या 'रेट्रो व्हाइब'ला थोडे वजन आले असते.

दुरुस्ती छापणार असाल तर करकरे यांचे नाव ठळक टाईपात हवे, आतल्या पानावर प्लॉटच्या जाहिरातीखाली नको. आणि जाहिरातींचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो: वाचकांच्या पत्रांना पूर्वी अर्धे पान होते, आता दोन कॉलम उरलेत आणि बाकीच्या जागेत 'स्वप्नातले घर' आले आहे. आम्ही वर्गणी वाचायला भरतो की प्लॉट बघायला?

आपला,
एक जुना वर्गणीदार
शाहूपुरी, कोल्हापूर