जुन्या गेमची गोडी

महोदय,

जुने व्हिडिओ गेम आजच्या पोरांना रुचत नाहीत, हे काही पटत नाही. दिवाळीत पुतण्याला टीव्हीला कॅसेटवाला गेम जोडून दिला. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची ठोकळेबाज चित्रं पाहून त्यानं नाक मुरडलं, पण पहिल्याच शत्रूला धडकून मेला अन् मग जेवायला उठेना! ना जाहिराती, ना नेट. आमच्याकडे रेंज केव्हा जाईल, नेम नाही. ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या गेममध्ये मिळणाऱ्या तीन जीवांपुढे मात्र त्यानं हात टेकले. वर-वर-खाली-खाली अशी बटणं दाबत ३० जीव मिळवायची युक्ती सांगितली, तेव्हा कुठं टिकला. नव्या पोरांना अडवतो तो अवघडपणा, चित्रं नव्हे.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ